क्रॅप्स कसं खेळतात? मार्चमधी पोराकडं अमेरिकेत चाललो, कोणी सांगन का

दारव्हेकर_पाटील
राम राम मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्हा तालुका, घरी कापूस अन् तूर. पोरगा न्यू जर्सीत नोकरीले हाय. तूर निघाली का मार्चमधी आम्ही दोघं नवरा-बायको त्याच्याकडं चाललो. तो म्हणे बाबा तुम्हाले अटलांटिक सिटी दाखवतो, समुद्र पण पाहणं होते अन् कॅसिनो पण. आता मशीनीसमोर बसून बटनं दाबाची मले काही हौस नाई. पण एका व्हिडिओत पाह्यलं, लंब्या टेबलाभोवती पंधरा-वीस लोकं उभे, एक जण फासे फेकते अन् सगळे एकदम बोंबलतात, वळखीचे ना पाळखीचे पण एकमेकाले टाळ्या देतात. पोरगा म्हणे याले क्रॅप्स म्हणतात, पण त्याले सोताले येत नाई. त्या टेबलाच्या कापडावर इतकं काय काय छापून हाय का त्याच्यापेक्षा आपला सातबारा सोपा.

मले हे शिकूनच जायचं हाय. तिथी जाऊन कोपऱ्यात उभं राहून दुसऱ्यायचं तोंड पाहाचं नाई. कोणी खेळलं असन तर पार पहिलीपासून सांगा, इंग्रजी व्हिडिओ लय पाह्यले, ते फार घाईनं बोलतात.

संत्रा_वरुड
पाटील, तूर विकून जाऊन रायले का तूर घेऊन? नाई म्हणजे कॅसिनोवाले तूर घेतात का ते आधी विचारा 😀

दारव्हेकर_पाटील
तूर विकूनच जाणार हाय भाऊ. पण कॅसिनोसाठी किती न्यायचे तेही इथीच ठरवू, आधी खेळ तर सांगा.

पुसदकर_जर्सी
पाटील काका नमस्कार. मी मूळ पुसदचा, इकडे जर्सीतच असतो, अटलांटिक सिटी आमच्याकडून गाडीनं दोनेक तास. मित्र आले की जाणं होतं, अन् तिथला हा एकच खेळ मला मनापासून आवडतो म्हणून जरा लांबलचक लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी कापडावरचं सगळं विसरा. टेबलाच्या कडेकडेनं, तुमच्या पोटासमोर, एक लांब पट्टा असतो, त्यावर पास लाईन लिहिलेलं असते. सध्या टेबल म्हणजे तेवढाच पट्टा. फासे दोन, पाहायची दोघांची बेरीज, जो फेकतो तो शूटर.

पहिली फेक म्हणजे कम-आउट. त्यात ७ किंवा ११ आले तर पास लाईनवाले जागच्या जागी जिंकले, जेवढे लावले तेवढेच वरून मिळतात. २, ३ किंवा १२ आले तर पैसे गेले, यालाच क्रॅप्स म्हणतात. बाकी जे काही येईल, म्हणजे ४, ५, ६, ८, ९ किंवा १०, तो झाला पॉइंट. डीलरजवळ, म्हणजे टेबल सांभाळणाऱ्या कॅसिनोच्या माणसाजवळ, एक गोल चकती असते, एका बाजूनं काळी, तिच्यावर ऑफ, दुसऱ्या बाजूनं पांढरी, तिच्यावर ऑन. तो ती पांढरी बाजू वर करून त्या आकड्यावर ठेवतो. आता शूटर फेकत राहतो, फेकत राहतो अन् आपण दोनच गोष्टींची वाट पाहायची, पॉइंट परत आला तर जिंकलो, त्याच्याआधी ७ आला तर गेलो. मधात दुसरा कोणताही आकडा येवो, अगदी ११ किंवा १२ सुद्धा, पास लाईनच्या पैशाला काही होत नाही.

नवीन माणूस इथंच चकतो काका. पहिल्या फेकीत ७ आला की सगळे नाचतात, अन् पॉइंट लागल्यावर तोच ७ आला की सगळ्यांचे चेहरे पडतात. त्याला सेव्हन आउट म्हणतात, मग फासे शेजारच्या माणसाकडे जातात, असे टेबलाभोवती फिरत राहतात.

दारव्हेकर_पाटील
हे समजलं राजा! इतकंच हाय? मंग बाकी कापडावर काय छापलं हाय?

पुसदकर_जर्सी
बाकीचं बहुतेक तुमच्या खिशासाठी छापलेलं आहे. 🙂 सांगतो हळूहळू.

गणित_मास्तर_देवळी
पुसदकरांनी फार छान सांगितलं. मी अकरावी-बारावीला संभाव्यता शिकवतो, कॅसिनोत कधी गेलो नाही आणि जाणारही नाही, पण हा खेळ कागदावर सोडवायला मला भारी आवडतो, म्हणून थोडं बोलू द्या.

दोन फाशांचे एकूण ३६ प्रकार. त्यातला ७ येतो सहा प्रकारे (१-६, २-५, ३-४ आणि त्यांचे उलटे). ६ आणि ८ पाच-पाच प्रकारे, ५ आणि ९ चार-चार, ४ आणि १० तीन-तीन, ३ आणि ११ दोन-दोन, आणि २ व १२ फक्त एकेका प्रकारे. पाटील, ही एक ओळ पाठ करा, सगळं क्रॅप्स याच्यातच आहे.

आता बघा, पहिल्या फेकीत ३६ पैकी ८ प्रकारे तुम्ही जिंकता (७ चे सहा, ११ चे दोन) आणि ४ प्रकारे हरता. म्हणजे सुरुवात तुमच्या बाजूची आहे! उरलेल्या २४ वेळा पॉइंट लागतो आणि तिथून पुढे पारडं कॅसिनोकडे झुकतं, कारण ७ सहा प्रकारे येतो आणि तुमचा पॉइंट जास्तीत जास्त पाच प्रकारे. म्हणूनच पॉइंट लागल्यावर पास लाईनचे पैसे उचलू देत नाहीत. ते जर उचलू दिले असते तर कॅसिनोचं दिवाळं निघालं असतं.

सगळा हिशोब केला की पास लाईनवर जिंकण्याची शक्यता ४९५ मध्ये २४४ येते. म्हणजे ४९.२९ टक्के. कॅसिनोचा नफा शंभरामागे १ रुपया ४१ पैसे. हा फार थोडा आहे.

लय_भारी_चिखली
फिप्टी-फिप्टीच झालं ना मंग हे. तर मंग सोपं आहे पाटील, हरले की डबल लावायचं, परत हरले की परत डबल, कधी ना कधी तर येईलच ना, आलं की सगळं वसूल होऊन वरून नफा. आमच्याकडे पोळ्याला पत्ते बसतात तवा मी असाच खेळतो.

गणित_मास्तर_देवळी
चिखलीकर, ही युक्ती फार जुनी आहे आणि तिनं भलेभले बुडाले आहेत. कागद घ्या. पहिले ५०० लावले, मग १०००, २०००, ४०००, ८०००, १६०००, ३२०००. सातव्यांदा हरलात की खिशातून गेलेले झाले ६३,५००. आणि हे सगळं कशासाठी, तर सुरुवातीचे ५०० जिंकायला. लागोपाठ सात वेळा हरणं फार दुर्मिळ नाही, पास लाईनवर साधारण ११६ मध्ये एकदा होतंच. आठव्यांदा लावायला ६४ हजार पाहिजेत, आणि ते खिशात असले तरी टेबलावर जास्तीत जास्त किती लावता येतील याची मर्यादा लिहिलेली असते, तिथं तुम्हाला अडवतात.

लय_भारी_चिखली
पण सर, सात वेळा हरल्यावर आठव्यांदा यायची शक्यता वाढत असंल ना? किती वेळ येणार नाही?

गणित_मास्तर_देवळी
एवढीशीही वाढत नाही. फाशाला मागचं काही आठवत नाही. वर्गात दर वर्षी हाच प्रश्न येतो आणि मी दर वर्षी हेच उत्तर देतो, कारण हा गैरसमज एकदा गेला की माणूस कितीतरी ठिकाणी वाचतो.

झाडीबोली
आमच्या साकोलीकडे दिवाळीनंतर मंडई, म्हणजे जत्रा, भरते ना, त्यात झेंडीमुंडी असतेच लपूनछपून. खाली फडकी, त्याच्यावर सहा चित्रं, झेंडी, मुंडी, इस्पिक, बदाम, चौकट, किलवर. डब्ब्यात सहा फासे खुळखुळ हलवतेत अन् पालथा घालतेत. आपल्या चित्राचा एकही नाही निघला किंवा एकच निघला तर पैसे गेले. दोन निघले तर दुप्पट, तीन निघले तर तिप्पट असं. सर, याचा हिशोब काढून द्या ना, बरेच दिवसांपासून डोक्यात आहे.

गणित_मास्तर_देवळी
काढला. एकही नाही किंवा एकच, हे जवळपास ७४ टक्के वेळा होतं. दोन निघाले की लावलेले परत देऊन वर दुप्पट, तीनला वर तिप्पट असं धरलं तरी डब्बेवाल्याला शंभरामागे साधारण १४ रुपये सुटतात. आणि लावलेले पैसे त्या दुपटीतच धरून देत असेल तर याच्याहून कितीतरी जास्त. म्हणजे मंडईतला डब्बा क्रॅप्सच्या पास लाईनपेक्षा दहापट महाग.

झाडीबोली
आन् तेही फासे सरळ असतील तर! वरून पोलीस आले की डब्बा, फडकी अन् आपले पैसे सगळं घेऊन तो धानाच्या बांधीतून पळते.

संत्रा_वरुड
म्हणजे कॅसिनो परवडला. पण तिकीट पावणेदोन लाखाचं.

राधिका_आर्वी
माफ करा पण मला हा धागा वाचून त्रास होतोय म्हणून लिहिते. माझ्या दिरानं मोबाईलवरच्या रमीत कापसाचे सगळे पैसे घालवले. घरात कोणाला पत्ता नव्हता, तो रात्री शेतात पाणी द्यायला जातो म्हणून जायचा अन् मोटरपंपाच्या खोलीत बसून खेळायचा. सुरुवातीला त्याला कोणीतरी असंच सांगितलं होतं की यात डोकं लागतं, हा जुगार नाही. बाई गहाण पडायची तेवढी राहिली आमच्या घरी. तुम्ही इतके शिकलेले लोक टक्के अन् हिशोब सांगता, ते वाचून एखाद्या पोराला वाटेल की १ रुपया ४१ पैशात काय जाते. कृपा करून विचार करा.

दारव्हेकर_पाटील
राधिका ताई, तुम्ही लिहिलं ते बरं केलं. आमच्याही गावात असं झालं हाय, म्हणून मी पयल्याच दिवशी बायकोले सांगितलं का किती नेणार अन् तेवढे गेले का हात वर. तिच्याजवळच ठेवणार हाय पैसे. पण मले तिथी जाऊन काय चालते ते समजल्याशिवाय उभं राहाचं नाई. न समजता लावणं मले जास्त धोक्याचं वाटते.

गणित_मास्तर_देवळी
ताई, तुमचं दुःख समजतं. मी हिशोब सांगतो तो यासाठीच की कोणत्याही पैजेत शेवटी कोणाची बाजू जड आहे ते आकड्यात दिसावं. १.४१ हा एका डावाचा आहे. रात्रभर शेकडो डाव खेळले तर तो प्रत्येक डावाला परत परत कापला जातो, आणि मोबाईलवर तर मिनिटाला डाव. तुमच्या दिराचं नेमकं तेच झालं असणार.

वकील_मूर्तिजापूर
कायद्याचं सांगतो. पैसे लावून खेळायचे ऑनलाईन खेळ ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या कायद्यानं देशभर बंद झाले, त्यात रमी-पोकरही आले, कौशल्याचा खेळ असो की नशिबाचा, फरक केलेला नाही. त्यामुळे ताई, आता कोणी तुमच्या दिराला नवीन ॲप पाठवलं तर ते बेकायदेशीर आहे, सरळ तक्रार करा.

कॅसिनो आपल्याकडे गोवा, सिक्कीम आणि दमण एवढ्याच ठिकाणी कायद्यात बसतो. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. गंमत अशी की १९७६ साली महाराष्ट्रानं कॅसिनोचा कायदा पास केला होता, पण तो कधी लागूच केला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला. त्याच १९७६ साली न्यू जर्सीच्या लोकांनी मतदान करून अटलांटिक सिटीत कॅसिनोला परवानगी दिली आणि १९७८ ला पहिला सुरूही झाला. पाटील, तिथे वयाची अट २१ आहे, तुम्हाला अडचण नाही, पण पासपोर्ट जवळ ठेवा.

कौंडण्यपूरकर
विषय फाशांचा निघाला अन् आपल्या दमयंतीचं नाव कोणीच काढलं नाही म्हणून लिहितो. दमयंती विदर्भाची लेक, कुंडिनपूरची, म्हणजे आमचं वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर. नळ राजानं भावाशी, पुष्कराशी, फासे खेळून राज्य घालवलं अन् दोघं जंगलात भटकले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पुढचं कमी लोकांना माहीत असते. नळ वेष बदलून अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला, अन् दोघं रथातून विदर्भाकडेच येत होते. वाटेत एक बेहड्याचं झाड लागलं. ऋतुपर्णानं नुसतं पाहून सांगितलं, या फांद्यांवर इतकी पानं अन् इतकी फळं. नळाला पटेना, त्यानं रथ थांबवून मोजलं तर बरोबर! मग त्यानं ती विद्या ऋतुपर्णाकडून घेतली, बदल्यात घोड्याची विद्या दिली. ती मोजायची विद्या आल्यावर नळ परत पुष्कराशी खेळला अन् राज्य परत मिळवलं. जुन्या काळी बेहड्याच्या फळांचेच फासे करत, ते झाड मेळघाटात आजही जागोजागी आहे.

गणित_मास्तर_देवळी
व्वा कौंडण्यपूरकर! ही गोष्ट मी उद्याच वर्गात सांगतो. थोड्या फांद्या पाहून सगळ्या झाडाचा अंदाज बांधणं हेच तर आम्ही नमुना निवड म्हणून शिकवतो.

लय_भारी_चिखली
म्हणजे विद्या शिकून जिंकता येते की! मी पण वाचलंय, अमेरिकेत काही लोक फासे विशिष्ट पद्धतीनं धरून फेकतात, त्यांना ७ येतच नाही म्हणे.

पुसदकर_जर्सी
त्याचे क्लासेस पण चालतात इकडे भाऊ, फी घेऊन. पण टेबलाच्या दूरच्या भिंतीला आतून रबराचे टोकदार उंचवटे लावलेले असतात अन् दोन्ही फासे तिथं आदळलेच पाहिजेत असा नियम आहे. एकदा तिथं आदळले की कोणता कुठं जाईल ते ब्रह्मदेवही सांगणार नाही. फासे पण पारदर्शक, धारदार कडांचे, टिंबं कोरून सपाट भरलेली, कारण खोल टिंबांनी वजनात फरक पडतो.

नशिबाचं म्हणाल तर ऐका, काका तुम्ही जाताय त्याच अटलांटिक सिटीत २००९ च्या मे महिन्यात एका बाईनं सेव्हन आउट न होता १५४ वेळा फासे टाकले. चार तास अठरा मिनिटं एकच शूटर! तो आजही विक्रम सांगतात. अन् ती काही मुरलेली खेळाडू नव्हती.

गणित_मास्तर_देवळी
आणि एरवी सरासरी एका शूटरला आठ-साडेआठ फेकी मिळतात. विक्रम ऐकून कोणी जास्त लावू नये.

दारव्हेकर_पाटील
मंडळी वाचून मजा येऊन रायली. आता कापडावरचं बाकीचं सांगा. मले फील्ड म्हणून एक मोठा पट्टा दिसला, त्यात २, ३, ४, ९, १०, ११, १२ असे सात आकडे हायत. सात आकड्यायपैकी कोणताबी आला तरी जिंकलो, हे तर पास लाईनपेक्षा चांगलं वाटते मले.

गणित_मास्तर_देवळी
पाटील, हाच सापळा आहे आणि तुम्ही बरोबर त्यावर बोट ठेवलं. मी पाठ करायला दिलेली ओळ काढा. जिंकायचे सात आकडे, प्रकार मोजा, १ + २ + ३ + ४ + ३ + २ + १ = १६. हरायचे फक्त चार आकडे, ५, ६, ७, ८, पण त्यांचे प्रकार ४ + ५ + ६ + ५ = २०. आकडे मोजले तर सात विरुद्ध चार, प्रकार मोजले तर सोळा विरुद्ध वीस. २ आणि १२ ला दुप्पट देतात, तरी शंभरामागे ५.५६ जातात. १२ ला तिप्पट देणारं टेबल मिळालं तर त्याच्या निम्मे.

दारव्हेकर_पाटील
आई शपथ. आता समजलं ते पाठ काऊन कराले लावलं.

पुसदकर_जर्सी
अन् टेबलाच्या मधोमध रंगीत चौकोन असतात, त्याच्याकडे तर पाहूच नका. तिथं हातात लांब काठी घेतलेला स्टिकमन उभा असतो, फासे ओढून शूटरकडे सरकवणं त्याचं काम, अन् सोबत तो मोठमोठ्यानं त्या पैजांचा बाजार मांडत असतो. पुढची फेक ७ येईल असं लावलं तर एकाला चार देतात, खरा भाव एकाला पाच पाहिजे, म्हणजे शंभरातले जवळपास सतरा रुपये गेले. हार्डवे म्हणजे ४-४ असा जोडीनंच ८ येईल वगैरे, त्यातही नऊ ते अकरा जातात. तुमच्या मंडईतल्या डब्ब्याचे भाऊबंदच ते.

पण एक पैज अशी आहे जी कापडावर कुठंच छापलेली नाही, अन् तीच सगळ्यात चोख. तिला ऑड्स म्हणतात. पॉइंट लागला की पास लाईनवरच्या तुमच्या चिप्सच्या (नोटांऐवजी मिळणाऱ्या चकत्या) मागं, तुमच्याकडच्या बाजूला, आणखी चिप्स ठेवायच्या. त्या पैशावर कॅसिनो एक पैसाही कापत नाही, खऱ्या भावानं देतो. पॉइंट ४ किंवा १० असला तर एकाला दोन, ५ किंवा ९ असला तर दोनाला तीन, ६ किंवा ८ असला तर पाचाला सहा.

दारव्हेकर_पाटील
एक पैसा कापत नाई? कॅसिनो धर्मादाय काऊन करन बाप्पा?

गणित_मास्तर_देवळी
कारण तिथं पोचायला आधी पास लाईनवर पैसे लावावेच लागतात, तिथलं १.४१ त्यांनी घेतलेलं असतं. भाव खरा कसा ते पहा. पॉइंट ४, तो तीन प्रकारे येतो, ७ सहा प्रकारे. तिनाला सहा म्हणजे एकाला दोन, चोख. उदाहरण, तुम्ही पास लाईनवर १५ डॉलर लावले, पॉइंट ६ लागला, मागं १५ ऑड्स ठेवले. ६ आला तर पास लाईनचे १५ आणि ऑड्सचे १८, एकूण ३३ नफा. ७ आला तर ३० गेले. ६-८ ला पाचाच्या पटीत आणि ५-९ ला सम आकड्यात ठेवा, म्हणजे हिशोब तुटत नाही. आणि लक्षात ठेवा, कापत नाहीत म्हणून हरणार नाही असं नाही, जास्त पैसे मांडले की चढउतार मोठे होतात.

झाडीबोली
अन् ते डोन्ट पास म्हणजे काय? उलटं?

पुसदकर_जर्सी
हो, शूटर हरेल यावर लावणं. त्यात पहिल्या फेकीला ७-११ वर हरायचं, २-३ वर जिंकायचं, १२ ला ना हार ना जीत. पुढं पॉइंटच्या आधी ७ आला की जिंकलो. त्यात कॅसिनोला १.३६ सुटतात, म्हणजे पास लाईनपेक्षाही किंचित स्वस्त. पण सगळं टेबल रडत असताना आपण एकटे पैसे गोळा करतो, ते मला जमत नाही. कोणी तुम्हाला काही बोलणार नाही, नियमातच आहे.

राधिका_आर्वी
मी परत वाचत आले. सर, एका तासात साधारण किती जातील ते सांगा ना, पाटील काकांनी किती न्यायचे ते त्यावरून ठरेल.

गणित_मास्तर_देवळी
उत्तम प्रश्न ताई. पास लाईनचा एक निकाल लागायला सरासरी ३.३८ फेकी लागतात. तासाला शंभर फेकी धरल्या तर तीस निकाल. १५ डॉलरप्रमाणे ४५० डॉलर फिरले, त्याचे १.४१ टक्के म्हणजे सहा-साडेसहा डॉलर, आपले साडेपाचशे रुपये. पण ही सरासरी झाली. एखाद्या तासात दीडशे डॉलर जाऊही शकतात, येऊही शकतात.

पुसदकर_जर्सी
म्हणून म्हणतो, दोनशे डॉलर काढून ठेवा, जातील असं समजूनच. अन् शनिवारी रात्री जाऊ नका, कमीत कमी लावायची रक्कम वाढवतात अन् गर्दी. मंगळवार-बुधवार सकाळी जा, डीलर निवांत असतात, नवीन माणसाला स्वतः सांगतात, मराठी सोडून सगळं बोलतात.

टेबलाशी गेल्यावर नोटा डीलरच्या हातात द्यायच्या नाहीत, तो घेणारच नाही. फासे थांबलेले असताना टेबलावर ठेवायच्या अन् चेंज प्लीज म्हणायचं. फासे निघाले की हात टेबलाच्या आत नको, तुमच्या हाताला लागून ७ आला तर लोक खाऊ की गिळू असं पाहतात. अन् टेबलावर सेव्हन हा शब्द तोंडातून काढायचा नाही, फार अशुभ मानतात.

संत्रा_वरुड
मंग मराठीत सात म्हणू. त्यायले काय समजते 😀

दारव्हेकर_पाटील
घरी आल्या पाहुण्यानं लुडो आणला होता, त्याच्यातले फासे घेऊन आम्ही दोघं रोज संध्याकाळी ओसरीत बसून रायलो. पास लाईन म्हणून बायकोच्या जुन्या साडीचा काठ ठेवला अन् चिप्स म्हणून चिंचोके. तिले माह्याआधी समजलं. ती फील्डवर एक चिंचोकाही ठेवत नाई, अन् पॉइंट लागला का ऑड्स मांगं बरोबर ठेवते.

शेवटचे दोन प्रश्न. एक, आम्ही जाऊन उभे रायलो अन् ती चकती आधीच ऑन असली तर काय कराचं? दोन, आपली पाळी आली तर फासे टाकनंच लागतात का?

पुसदकर_जर्सी
ऑन असली तर नुसतं पाहा, थांबा. तेव्हा पास लाईनवर लावू देतात, पण लावू नका. सरांनी सांगितलं ना, पहिल्या फेकीत जी आपली जड बाजू असते ती निघून गेलेली असते, उरतो फक्त वाईट भाग. चकती काळी होऊन ऑफ झाली की मग लावा.

पाळी आली तर नको म्हणू शकता, पुढच्याला जातात. टाकायचे असले तर स्टिकमन पाच-सहा फासे सरकवेल, त्यातले दोन निवडायचे, एकाच हातानं उचलायचे, दोन्ही हातात खुळखुळवायचे नाहीत, टेबलाच्या बाहेर न्यायचे नाहीत अन् सरळ पलीकडच्या भिंतीवर मारायचे.

वकील_मूर्तिजापूर
जिंकलात तर एक चांगली गोष्ट, अमेरिकेत परदेशी माणसाच्या क्रॅप्सच्या जिंकण्यावर तिथला केंद्रीय प्राप्तिकर लागत नाही, मशीनवर मोठं बक्षीस लागलं तर मात्र ३० टक्के कापतात. इकडे आल्यावर आपल्या विवरणपत्रात दाखवा.

दारव्हेकर_पाटील
बायकोनं आत्ताच वाचून घेतलं सगळं. म्हणते माझी पाळी मी नको म्हणणार नाई, फासे मीच टाकीन, तुम्ही नुसते चिप्स ठेवा. चालते ना तसं? एकानं लावाचे अन् एकानं टाकाचे?

पुसदकर_जर्सी
काकू जिंदाबाद! पण जो फेकतो त्याचे स्वतःचे पैसे पास किंवा डोन्ट पासवर असावे लागतात, नाहीतर फासे देत नाहीत. काकूंना त्यांच्या चिप्स वेगळ्या काढून द्या अन् दोघं शेजारी शेजारी उभे राहा, म्हणजे तुमच्यानंतर लगेच त्यांची पाळी. फासे डावीकडे फिरत जातात, तर काकूंना तुमच्या डाव्या हाताला उभं करा. तारीख ठरली की इथंच कळवा, मी पण येतो त्या दिवशी.